घंटेचा दोर

पणजीच्या चर्चमधील मोठी घंटा १८७१ साली तेथे बसविली गेली. डोळे मिटले तरी ती कोणत्या बाजूस वाजते आहे, हे आपणांस कळते. डावीकडचा ध्वनी डाव्या कानास किंचित आधी व अधिक मोठा पोहोचतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलांनी उतरतो.

हाच अनुभव आता संगणकावरही देता येतो. २०२१ साली प्रमाण ठरलेल्या ‘वेब ऑडिओ’ या इंटरफेसमध्ये आवाजाची पातळी व ध्वनीचे स्थान यांसाठी निरनिराळ्या आज्ञा आहेत. परंतु पातळीचा आकडा निम्मा केल्याने कानास आवाज निम्मा वाटत नाही. त्यासाठी तो सुमारे एकतृतीयांशावर आणावा लागतो. म्हणून अशा आज्ञांची रचना करणाऱ्याने ‘डावीकडे’, ‘दूर’, ‘मंद’ अशी कानाची भाषा पुढे ठेवावी आणि गणित आत सांभाळावे. ध्वनीवरून दिशा ओळखणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याची वाट येथील चुकीने चुकेल.

घंटा वाजविणाऱ्यास ध्वनिशास्त्र यावे लागत नाही. दोर मात्र त्याच्या हाताशी यावा लागतो.