प्रपंच सांभाळून विद्या

आपल्याकडे आयुष्याची वाटणी फार जुन्या काळापासून ठरून गेलेली आहे. पहिल्या आश्रमात विद्या संपादावी, दुसऱ्यात प्रपंच करावा. ज्याची पाटी पहिल्या आश्रमात फुटली त्याने ती पुन्हा हाती धरण्याच्या भरीस पडू नये, असा एक अलिखित दंडकच होऊन बसला आहे. चाळिशीच्या गृहस्थाने दहावीचे पुस्तक उघडले की शेजारी हसतात, दोन लेकरांची आई परीक्षेस निघाली की सासरचे म्हणतात, "आता ह्या वयात कशाला?" चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रधान जिल्ह्यांत आज पुष्कळ स्त्रीपुरुष हा दंडक मोडून, मुलाबाळांचे करून, शेतीभाती सांभाळून पुन्हा शिकू लागले आहेत आणि त्या शिक्षणावर नवा व्यवसाय उभारू पाहत आहेत. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी आहे असे समजू नये. पुण्यास महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1855 साली आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारे शेतकरी व मजूर तेथे दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवीत. पुढे 1909 साली श्रीमती रमाबाई रानडे ह्यांनी पुण्यास सेवासदन सुरू केले. तेथे विवाहित स्त्रिया आणि विधवा येत, शिवण व शिक्षणाचे धडे घेत. पुढे त्यांतल्या कित्येकींनी रुग्णपरिचर्येचा व्यवसाय पत्करला. वय, घर आणि गरज ही तिन्ही ध्यानात घेऊन शिकवायचे, हे तत्त्व आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच रुजले.

अमेरिकेत ह्याच तत्त्वाला मोठे संस्थारूप मिळाले. 1901 साली जोलिएट गावी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे एक छोटे महाविद्यालय निघाले आणि त्यातून पुढे गावोगावच्या लोकमहाविद्यालयांची परंपरा वाढली. शुल्क बेताचे, वर्ग सायंकाळचे आणि शिक्षण आसपासच्या उद्योगास उपयोगी, ही त्यांची वैशिष्ट्ये. आपल्याकडे 1995 साली पाँडिचेरीस असा प्रयोग झाला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही समुदाय महाविद्यालयांची योजना आखली. नाव कोणतेही असो, विद्यालयाने विद्यार्थ्याच्या सोयीने वागावे, हे त्याचे मर्म.

आता ज्या भूमीविषयी मी बोलतो आहे तिचे थोडे दर्शन घेऊ. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश प्रदेश वनांचा. दक्षिणेच्या सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठाण्यास यायचे म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरांचा प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. 2011 च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात पुरुषांपैकी शेकडा सुमारे 82 साक्षर होते, तर स्त्रियांपैकी शेकडा सुमारे 66. त्याच वर्षी गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तोवर ह्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा कारभार नागपूर विद्यापीठाकडे होता. ज्या पिढीची शाळा 2011 च्या पूर्वी सुटली, तिच्या वाट्याला किती दूरचे शिक्षण आले असेल ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

तेव्हा प्रश्न असा की, शाळा सुटलेल्या मनुष्याला पुढे शिकून खरोखर काही साधते काय? ह्याचे उत्तर ह्याच मातीतून मिळते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था घेऊन गडचिरोलीत कार्य आरंभिले. खेड्यांत नवजात बालके दगावत आणि दवाखाना दूर. तेव्हा त्यांनी 39 गावांतील स्त्रियाच निवडल्या. त्यांचे शालेय शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यानचे. मूल जन्मताच त्याचे वजन कसे घ्यावे, ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि प्रसंगी सुई कशी टोचावी, हे सारे त्यांना शिकविले. ह्या कार्याचा वृत्तांत 1999 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेस घेतलेल्या गावांच्या मानाने, शेकडा 62 ने घटले होते. पुढे 2011 साली हीच पद्धत देशभर 'आशा' कार्यकर्त्यांच्या हाती सोपविण्यात आली. गावची आरोग्यदूत झालेली ती स्त्री शाळेच्या दृष्टीने 'गळालेली' विद्यार्थिनी होती. तिच्या हातून झालेले कार्य मात्र पदवीधरांनी मान खाली घालून पाहावे असे आहे.

दुसरे उदाहरण वनाचे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही त्याच्या हाती आला. त्यानंतर ह्या भागातील अनेक ग्रामसभा तेंदूपाने व बांबू ह्यांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. व्यवहार आला म्हणजे निविदा आली, करारनामा आला, बँकेचे खाते आणि कराचा हिशोब आला. पूर्वी ही कामे ठेकेदाराचा मुनीम करी. आज ती गावच्याच माणसाने करावयाची आहेत. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून त्यांची मजुरी तोंडी सांगणाऱ्या बाईला हिशोब समजत नाही असे कोण म्हणेल? तिला हवे आहे ते त्या हिशोबाला कागदावर उतरविण्याचे शिक्षण. ते तिला मिळाले नाही, तर हक्क गावाचा आणि लेखणी परक्याची, अशी स्थिती व्हायची. लेखणी ज्याच्या हाती, व्यवहार अखेर त्याच्याच मुठीत जातो. ह्या प्रौढ शिक्षणाची खरी निकड मला येथे दिसते.

तिसरे उदाहरण चंद्रपुराजवळच्या चिचपल्लीचे. तेथे 2014 पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सूप, टोपली, परडी विणणारे बुरूड ह्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तोच बांबू नीट प्रक्रिया करून त्यापासून आसने, शोभेच्या वस्तू आणि घरबांधणीचे सामान कसे करावे, हे तेथे शिकविले जाते. ज्याची बोटे आधीच तयार आहेत त्याला नवे कौशल्य लवकर साधते. प्रौढ विद्यार्थ्याचा हा मोठाच लाभ असतो. तो कधीही कोऱ्या पाटीने येत नाही.

आता औपचारिक शिक्षणाच्या वाटा पाहू. 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घरी वाचून समजतील अशी पुस्तके, जवळचे अभ्यासकेंद्र आणि सुटीच्या दिवशी भेटणारे मार्गदर्शक, अशी त्याची रचना. दहावी राहिलेल्यांना राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेस बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. तेथे एकदा नाव घातले की पाच वर्षांच्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एका विषयात मिळविलेले यश पुढच्या खेपेस वाया जात नाही. या वर्षी मराठी, पुढल्या वर्षी गणित, असे बेताबेताने चालता येते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. 2023 साली गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' असा उपक्रम गडचिरोलीनजीकच्या जांभळी गावी सुरू केला. कामधंदा आटोपल्यावर गावातच पदवीचे वर्ग घ्यावयाचे, ही त्यामागील योजना. विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जाण्याऐवजी विद्यापीठानेच विद्यार्थ्याकडे यावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इतके असूनही अडचणी थोड्या नाहीत. पहिली अडचण पंचांगाची. ह्या प्रदेशाचे वर्ष वनावर आणि धानावर चालते. मार्च-एप्रिलात मोहफूल पडते. ते पहाटेच वेचावे लागते, उन्हे वर आली की त्यावर गुराढोरांचा व हरणांचा हक्क होतो. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम, तो अवघ्या काही आठवड्यांचा. पण घरात रोकड यायची ती तेव्हाच. जुलै-ऑगस्टात रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानाची कापणी. आता परीक्षा पाहा. राज्य मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे प्रत्येक परीक्षा नेमकी हंगामाच्या तोंडावर येऊन उभी राहते. जिने परीक्षा द्यावी तिने वर्षाच्या मिठामिरचीचे पैसे सोडावे, आणि जिने पैसे मिळवावे तिने परीक्षा सोडावी! अशी बाई परीक्षेस गैरहजर राहिली की तिला अभ्यासाची आवड नाही, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मागणीनुसार केव्हाही परीक्षा घेण्याची पद्धत मुक्त विद्यालयात आहे. परंतु ती मोजक्या केंद्रांवर. तशी सोय कुरखेडा, अहेरी, एटापल्ली, राजुरा, मूल अशा ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत झाली, तर अर्धे काम फत्ते होईल. हंगाम पुढे ढकलता येत नाही. परीक्षा मात्र ढकलता येते.

दुसरी अडचण भाषेची. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या गृहस्थाला मराठी पुस्तक हे निम्मे परकेच असते. लहान मुलाला ही भाषा शाळेच्या आवारात खेळता खेळता येते. प्रौढाला ती विकत घ्यावी लागते, वेळेच्या मोलाने. म्हणून मार्गदर्शक त्याच बोलीचा असावा, निदान पहिले वर्षभर तरी.

तिसरी अडचण घरातली. पुरुष शिकू लागला की त्याच्यापुढे चहाची कपबशी आपोआप येते. स्त्री शिकू लागली तर चूल, पाणी, लेकरे, गोठा सारे आटोपल्यावर जो डोळा लागतो, त्यातूनच तिला अभ्यासाचा तास चोरावा लागतो. पोरांनी आईला प्रश्न विचारून पाठ म्हणवून घ्यावा, नवऱ्याने परीक्षेचे आठ दिवस चूल सांभाळावी, एवढे झाले तरी पुष्कळ. ज्या घरात आई पुस्तक घेऊन बसते त्या घरातील मुलांना 'अभ्यासाला बस' असे वेगळे सांगावे लागत नाही, हा माझा शिक्षकी अनुभव आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. 'पी हळद आणि हो गोरी' असा हा मामला नाही. आशा कार्यकर्तीचेच उदाहरण घ्या. तिचे काम मोठे, परंतु मिळते ते मानधन, ते वेतन नाही. म्हणून अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ह्या शिक्षणास मान्यता कोणाची? पुढच्या वर्गात वा भरतीत ते धरले जाते काय? आणि माझ्या गावापासून दिवसभरात जाऊन येता येईल अशा अंतरावर त्याचे काम आहे काय? उत्तर छापील माहितीपत्रकात मिळाले तरच शुल्क भरावे, कोणाच्या तोंडी आश्वासनावर भरू नये. चंद्रपुरात वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. गडचिरोलीत सूरजागडची लोहखाण आहे. तेथे वीजतंत्री, जोडारी, संधाता असे हातचे कसब जाणणारे लोक लागतात. जमीन आणि जंगल ज्यांचे, त्यांच्या वाट्यास केवळ पहारेकऱ्याची जागा यावी, हे मनाला पटत नाही. ते टळावयाचे तर आजच्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींना कसब शिकण्याची वाट आजच मोकळी झाली पाहिजे. त्यांची मुले मोठी होईतो थांबणे म्हणजे एक संपूर्ण पिढी वजा करणे होय.

श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेक सुशिक्षित आणि शहरवासी आहात. आपण काय करू शकतो, असे आपण विचाराल. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, कचेरीतला शिपाई, ह्यांच्यापैकी कोणाची दहावी राहिली आहे, हे एकदा विचारून पाहा. अर्ज भरून द्या, परीक्षेच्या दिवसांची रजा पगार न कापता द्या, घरातील जुनी पुस्तके रद्दीवाल्यास देण्यापूर्वी तिला दाखवा. आठवड्यातून एक तास गणित वा इंग्रजी शिकवू शकलात तर फारच उत्तम. आणि निकालात एखादा विषय राहिला तर 'झाले, आता पुरे' असे न म्हणता, पुढची संधी केव्हा आहे, तेवढे सांगा. वनातल्या त्या दूरच्या विद्यार्थ्यांपर्यंत आपला हात पोचणार नाही कदाचित. पण त्यांच्याच जातीचा एक विद्यार्थी बहुधा आपल्या दाराशीही उभा असेल.