डबक्याची परीक्षा
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर मसाला दूध असताना मी डबक्याविषयी बोलायला उभा राहिलोय, तेव्हा आवरतं घेतो. धंद्याने मी कॉम्प्युटरवाला. पण गेली तीन वर्षं आमच्या टाउनशिपच्या पर्यावरण समितीवर बिनपगारी काम करतोय. न्यू जर्सीत १९६८ च्या कायद्याने अशा समित्या नेमायची सोय झाली. नव्या बांधकामांचे नकाशे आमच्याकडे अभिप्रायासाठी येतात.

गेल्या हिवाळ्यात असाच एक नकाशा आला. टाउनहाउसेसची वसाहत, आणि कोपऱ्यात अर्ध्या एकराची पाणथळ जागा. बिल्डरच्या सल्लागाराने एका ओळीत निकाल लावला होता: लहान, एकटी, खराब झालेली, विशेष मोल नाही. आता यातलं पहिलं सगळं खरंच होतं. तिथे जुने टायर पडलेत, रस्त्यावरचं मिठाचं पाणी येतं, आणि फ्रॅगमायटिस माजलंय. म्हणजे आपल्या बोरूच्या जातकुळीतलं उंच गवत. प्रश्न शेवटच्या तीन शब्दांचा होता.

आधी पाणथळ जागा ठरवतात कशी ते सांगतो. पाणी दिसलंच पाहिजे असं नाही. तीन साक्षीदार तपासतात: वनस्पती, माती आणि पाणी. ओल्यात तगणारी झाडं किती, हे ठरलेल्या यादीवरून पाहतात. मग गिरमिटाने माती काढून तिचा रंग मन्सेलच्या रंगपट्टीशी ताडतात. माती बराच काळ पाण्याखाली राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, लोखंडाचा लाल रंग जातो आणि ती करडी पडते. मुळांच्या कडेने हवा पोचते तिथे गंजासारखे ठिपके उठतात. म्हणजे ऑगस्टात जागा ठणठणीत कोरडी असली तरी माती खोटं बोलत नाही.

पण ही झाली ओळख. मोल ठरवणं ही वेगळी परीक्षा. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. क्लायंटकडे एखादी वीस वर्षांची जुनाट सिस्टिम असते. स्क्रीन भयाण, कोणाला नको असते. ती बंद करण्याआधी आम्ही एकच विचारतो: हिच्यावर कोण कोण अवलंबून आहे? रूपावरून निर्णय घेतला तर महिनाअखेरीला पगार अडकतात! डबक्यालाही हेच विचारायचं.

पहिलं काम पाणी धरण्याचं. अर्ध्या एकरावर एक फूट पाणी साचलं तर ते होतं सहा लाख लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा एक, असे साठ टँकर! ती जागा बुजवली की हे साठ टँकर कुठे जाणार? उताराला ज्यांची घरं आहेत त्यांच्या बेसमेंटकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाने न्यू जर्सीत काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याच्या जागेवर घरं बांधली की पाणी घरात येतं, हे मुंबईने पाहिलंय.

दुसरं काम आसऱ्याचं. इथला वूड फ्रॉग वसंताच्या सुरुवातीला अशाच तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. डबकं उन्हाळ्यात आटतं म्हणून तिथे मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून पिल्लं वाचतात. म्हणजे 'वर्षभर पाणीसुद्धा नसतं' हा ज्याचा दोष म्हणून दाखवला जातो, तोच त्याचा गुण! सल्लागाराची पाहणी जानेवारीतली होती. जानेवारीत बेडूक कसा सापडणार? आमच्या समितीने मार्च-एप्रिलमध्ये फेरपाहणी मागितली, आणि अंड्यांचे पुंजके मिळाले. प्रकरण अजून प्लॅनिंग बोर्डापुढे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'खराब झालेली' याचा अर्थ 'निकामी' असा नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ 'सुधारण्याजोगी' असा असतो. पाणी काढून नेणारा चर बंद केला, टायर उचलले, गवत आटोक्यात ठेवलं, तर मातीत वर्षानुवर्षं दबून राहिलेलं बी पुन्हा उगवू शकतं. शिवाय ती खराब केली कोणी? आपल्याच रस्त्यांनी आणि हिरवळीच्या खतांनी. आधी आपणच बिघडवायची, आणि मग बिघडली म्हणून बुजवायची, हा न्याय बरा नव्हे.

कायद्याचं थोडक्यात. मे २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात सुप्रीम कोर्टाने केंद्राचं संरक्षण बरंच आकसवलं. नदी-नाल्याशी सलग पृष्ठभागाने न जोडलेल्या पाणथळ जागा त्यातून बाहेर पडल्या. न्यू जर्सीचा स्वतःचा १९८७ चा कायदा आहे, म्हणून इथे आधार उरलाय. इतर राज्यांतल्या मित्रांनी आपापल्या राज्याचा कायदा जरूर पाहावा. मात्र इथेही अशा एकट्या जागेत एक एकरापर्यंत भर घालायची परवानगी काही अटींवर मिळू शकते. उलट जागा मध्यम दर्जाची ठरली तर भोवती ५० फूट मोकळे सोडावे लागतात, आणि वरच्या दर्जाची ठरली तर १५०. दर्जा बदलला की घरांची संख्या बदलते. एका ओळीच्या निकालामागे एवढं गणित असतं!

मी घरांच्या विरोधात नाही. त्या टाउनहाउसेसमध्ये चांगल्या शाळेसाठी येणारे आपल्यासारखेच लोक असणार. पण त्यांच्याच बेसमेंटमध्ये पाणी जाऊ नये ना? बांधकामाच्या २०० फुटांच्या आत तुमचं घर असेल तर सुनावणीची नोटीस टपालाने येते. ती जाहिरात समजून टाकू नका. सुनावणीला जा आणि तीनच प्रश्न विचारा: पाहणी कोणत्या महिन्यात केली? पाणी कुठे जाणार? आणि जागा दुरुस्त होईल का, हे तपासलं का? उच्चार कसाही असू द्या, उत्तर द्यावंच लागतं.

दूध थंड होतंय.