बिनसलं तर तिथेच बोला

महिनोन्‌महिने झोप नीट लागत नाही, जीव घाबरा होतो, कशातच मन लागत नाही. शेवटी माणूस मदत घ्यायचं ठरवतो आणि आधी पाट्या वाचूनच गोंधळतो. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर याच विषयात पुढे शिकलेले डॉक्टर; औषधं ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक अशी पाटी मात्र अल्पमुदतीचा कोर्स केलेली मंडळीही लावतात. तेव्हा शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

पहिल्या भेटीत आणखीही विचारा. माझ्या त्रासावर तुम्ही कसं काम कराल? फी किती? मी मराठीतच बोललो तर चालेल ना? रडू येतं तेव्हा माणूस आपल्या भाषेत रडतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली उपचारातल्या नात्याविषयी तीन गोष्टी मांडल्या: काय साधायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांवर विश्वास. हे नातं पहिल्याच दिवशी तयार मिळत नाही. तीन-चार भेटी द्याव्या लागतात.

आणि नेमकं तिथेच पुष्कळांचं बिनसतं. एखादं वाक्य मनाला लागतं, किंवा नुसतंच बोलणं चाललंय असं वाटतं. मग ‘आज जमणार नाही’ असा मेसेज जातो आणि पुन्हा त्या दारात पाऊल पडत नाही. असं गुपचूप थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या म्हणा, ‘मागच्या वेळी तुम्ही नवऱ्याची बाजू घेतलीत असं मला वाटलं.’ जाणकार थेरपिस्ट हातातलं पेन खाली ठेवेल आणि विचारेल, ‘नेमकं कोणत्या क्षणी वाटलं?’ घरात जे कधी बोलता आलं नाही, ते इथे बोलायला जमलं, तर उपचाराचं मोठं काम तिथेच झालं.

पण समोरचा चिडला, उपदेश करू लागला, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी सांगू लागला, तर निःसंकोच दुसरा गाठा. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तुमची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

फी परवडत नसेल, तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परतता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही. टेली-मानस या हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: १४४१६. रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल, तर कुणाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आजच हा नंबर लावा, किंवा घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.