विज्ञानाचा अंगरखा, जादूची अंगठी

जून १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’ या अमेरिकन चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. कथा जेरी सीगेल याची, चित्रे जो शुस्टर याची. परग्रहावरून आलेला हा वीर मोटार डोक्यावर उचलतो हे वाचकांस पटावे म्हणून सोबत एक ‘शास्त्रीय खुलासा’ जोडलेला होता. मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट भार पेलते, नाकतोडा केवढी उडी मारतो. मग या वीरालाच ते अशक्य का असावे?

युक्तिवाद गोंडस खरा. परंतु त्यातील खोट गॅलिलिओने १६३८ सालीच, म्हणजे बरोबर तीनशे वर्षे आधी, उघड करून ठेवली होती. प्राण्याचा आकार सर्व बाजूंनी दहापट वाढविला, तर त्याचे बळ स्नायूंच्या छेदाप्रमाणे शंभरपट होते. वजन मात्र हजारपट! माणसाएवढी मुंगी मोटार उचलणे दूरच, तिला स्वतःचा देहही पेलवणार नाही.

१९४० मध्ये आलेला फ्लॅश तर दुष्फेन पाण्याच्या वाफेने वाऱ्यासारखा धावू लागला. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, तेच हे पाणी! त्या न्यायाने निम्म्या गावांनी पवनगतीने धावावयास हवे होते.

त्याच वर्षीचा कॅप्टन मार्व्हल अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. बिली बॅटसन हा अनाथ मुलगा ‘शझाम’ हा शब्द उच्चारतो, वीज कडाडते आणि तो महावीर बनतो. गंमत अशी की, त्याचा वैरी डॉक्टर सिव्हाना मात्र शास्त्रज्ञ! ‘शझाम’ हा मंत्र आहे, हे मुलाला ठाऊक असते. ‘किरण’, ‘वाफ’, ‘उत्क्रांती’ हेही या पानांवर मंत्रच आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि कारण सांगणे म्हणजे भारदस्त शब्द उच्चारणे, अशी त्याची समजूत होऊन बसते.

ग्रीन लँटर्नची अंगठी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९४० च्या कथेत ती जादूच्या दिव्यापासून घडविलेली होती आणि लाकडापुढे तिचे काही चालत नसे. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला. १९५९ मध्ये हाच वीर नव्या रूपाने आला, तेव्हा अंगठी अंतराळातील पहारेकऱ्याकडून मिळालेले यंत्र ठरली. लाकडाच्या जागी पिवळा रंग आला. दर चोवीस तासांनी ती दिव्याला लावून शपथ म्हणण्याचा विधी मात्र तसाच राहिला.