बचत गट आणि नागरिकत्वाचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



मला आज जो विषय नेमून दिला आहे, तो कागदावर मोठा जड दिसतो. ‘विकासकार्य आणि नागरिकत्वाचे शिक्षण’. पण तो आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे. येथे बसलेल्या पुष्कळ जणी कोणत्या ना कोणत्या बचत गटात आहेत, आणि त्या गटाच्या निमित्ताने एखाद्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या आहेत. तेथे आपल्याला जे शिकवतात ते नेमके कशाचे शिक्षण असते, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम गटांचे जे श्रेय आहे ते त्यांना दिले पाहिजे. 1992 साली नाबार्डने 500 गट बँकांशी जोडून पाहण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि त्यातून आज देशभर लाखो गट उभे राहिले. ज्या बाईने बँकेची पायरी कधी चढली नव्हती, ती आता व्यवस्थापकासमोर खुर्चीवर बसून बोलते. पोराच्या आजारपणासाठी दागिना गहाण टाकण्याची वेळ कितीतरी घरांवरची टळली. याला क्षुल्लक म्हणणाऱ्याने कधी उसने मागितलेले नसावे!

पण गटाचे पहिले पाठांतर आठवून पहा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख हिशेब. ही आपली पंचसूत्री. लहानशी पेढी चालवायला याहून चांगले नियम नाहीत. मात्र यात नागरिक कोठे आहे? यात ठेवीदार आहे, कर्जदार आहे, वसुली करणारी आहे. पुढे 2011 साली राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले, ज्याला आपण ‘उमेद’ म्हणून ओळखतो, आणि पंचसूत्रीची दशसूत्री झाली. आरोग्य, शिक्षण, पंचायतीतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ, शाश्वत उपजीविका ही पाच सूत्रे वाढली. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि, कर्ज देण्यापूर्वी बँक गटाची जी प्रतवारी करते, ती मुख्यतः पहिल्या पाचांवर. हजेरी किती, बचत किती, हप्ते थकले का, वह्या भरल्या का. ग्रामसभेत गटाने किती प्रश्न विचारले, याला तेथे गुण नाहीत. आपली मुले काय करतात ते आपण जाणतोच. परीक्षेत जे येते तेवढेच वाचतात.

हा दोष कोणा एका प्रशिक्षिकेचा नव्हे. त्यामागे एक विचार आहे, आणि तो साऱ्या जगात फिरतो आहे. गरिबी म्हणजे घराघराची अडचण, ती घराघराने भांडवल, कष्ट आणि शिस्त यांच्या बळावर सोडवावी, असा तो विचार आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शेजारच्या बांगलादेशातले. प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 साली जोब्रा नावाच्या खेड्यात लहान कर्जांचा प्रयोग सुरू केला, 1983 साली त्याची ग्रामीण बँक झाली, आणि 2006 साली त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बँकेच्या सभासद स्त्रिया सोळा संकल्प म्हणतात. भाजीपाला पिकवू, कुटुंब लहान ठेवू, मुलांना शिकवू, संडास बांधून वापरू, हुंडा देणार-घेणार नाही. किती चांगले संकल्प! मीही त्यांतला एकही गाळणार नाही. पण सोळाच्या सोळा वाचून पहा. आपण काय करू, हे सगळे त्यांत आहे. सरकारने काय करावे, आणि न केल्यास त्याला कोठे गाठावे, याचा शब्द नाही.

त्यातला एक संकल्प पाण्याचा आहे. नलकूपाचे पाणी पिऊ, ते नसेल तर उकळून किंवा तुरटी फिरवून पिऊ. त्या काळी हा सल्ला योग्यच होता, कारण तळ्याडबक्यांच्या पाण्याने मुले दगावत. पण 1993 साली तेथील नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, असल्याचे आढळून आले. सोमलाला रंग नाही, चव नाही, आणि उकळून तो जात नाही. ज्या घराने संकल्प अक्षरशः पाळला, त्याच्याच पेल्यात विष! येथे कोणत्या गृहिणीची शिस्त कामी येणार? विहिरी तपासायच्या, विषारी नलकूपांना लाल रंग नि निर्धोकांना हिरवा लावायचा, दुसऱ्या पाण्याची सोय करायची, हे काम सार्वजनिक यंत्रणेचेच. ते तिने वेळेवर करावे म्हणून मागे लागणारा नागरिक लागतो, आणि त्याची तालीम त्या सोळांत नव्हती.

दुसरी एक बाब माझ्या मनाला फार लागते. ‘बाई कर्ज बुडवत नाही’ असे कौतुकाने म्हणतात. का बुडवत नाही? तिला चारचौघींत लाज वाटते म्हणून. गटाच्या कर्जात तारण असते ते या लाजेचे. एकीचा हप्ता चुकला की शेजारणीच तिच्या दारात उभ्या राहतात. 2010 साली आंध्र प्रदेशात खाजगी वित्तसंस्थांच्या वसुलीला कंटाळून कर्जदारांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या ऑक्टोबरात तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. जिच्याबरोबर नळासाठी मोर्चा काढायचा, तिच्यावरच पाळत ठेवायला शिकवणे हे नागरिकत्वाच्या अगदी उलटे शिक्षण झाले.

आपल्याकडे याहून वेगळा धडा बायकांनी गिरवला होता. मृणाल गोरे गोरेगावातून 1961 साली मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 1972 नंतरच्या महागाईत त्या, अहिल्या रांगणेकर आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांना कोणी उद्योजिका होण्याचे प्रशिक्षण दिले नव्हते. रॉकेल नाही, तेल नाही, याचा जाब कोणाला विचारायचा, हे त्या रांगेत उभे राहून शिकल्या.

कोणी म्हणेल, पोटाला हवे ते आधी, मोर्चा नंतर. खरे आहे. शिवाय पंचायतीत 1993 पासून एक-तृतीयांश आणि आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, आणि त्यांवर निवडून आलेल्या कितीतरी जणी प्रथम बोलायला शिकल्या त्या गटातच. म्हणून गट मोडा असे मी म्हणत नाही. गटाने आपल्याला एक फार मोलाची विद्या दिली आहे, ती हिशेबाची. जमा-खर्चाच्या दोन बाजू आता आपल्याला वाचता येतात. मग ती वही आपल्यापुरतीच का उघडायची? नगरपालिकेचाही जमाखर्च असतो. आपण पाणीपट्टी भरतो, तिचे पुढे काय होते? आपल्या वॉर्डातले गटार अंदाजपत्रकात आहे की नाही? 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर हे विचारता येते, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

कार्यकारिणीशी माझे बोलणे झाले आहे. येत्या शनिवारपासून, शिवणवर्ग सुटल्यावर, चार ते पाच या वेळात आपण एक वर्ग चालवू. पहिल्या दिवशी प्रत्येकीने घरची पाणीपट्टीची पावती आणावी. भाड्याने राहणाऱ्या भगिनींनी घरमालकिणीकडून मागून आणली तरी चालेल. अर्जाचे कोरे कागद मंडळात ठेवले आहेत.