नोकरीचा इंग्रजी अर्ज : विनवणी आणि पुरावा

गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या १८४४ सालच्या ठरावाने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्या एतद्देशीयांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले, आणि इंग्रजीत अर्ज लिहिता येणे ही पोटापाण्याची विद्या ठरली. वरिष्ठांकडे काही मागायचे तर हात जोडूनच, अशी तेव्हाची रीत असल्यामुळे ‘आय बेग टू स्टेट’, ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असे शब्दप्रयोग अर्जांत रूढ झाले. ते मुळात इंग्लंडच्याच दप्तरी शिरस्त्यातले होते. तेथे ते मागे पडले, तरी येथे मात्र पत्रलेखनाच्या मार्गदर्शकांतून टिकून राहिले.

घरची ओढाताण सांगायची आणि शेवटी ‘टू द एन्टायर सॅटिस्फॅक्शन ऑफ माय सुपीरियर्स’ काम करण्याची ग्वाही द्यायची, हा या अर्जांचा ठरलेला साचा असे. परंतु नेमणूक करणाऱ्याला अर्जदाराची निकड नव्हे, तर त्याची लायकी पारखायची असते. म्हणूनच, कोणत्या पदासाठी अर्ज केला आहे आणि जाहिरात कोठे वाचली हे पहिल्या एक-दोन वाक्यांत सांगून झाले, की अर्जाचा खरा कस मधल्या परिच्छेदात लागतो. लेखापालाच्या जागेसाठी ‘आय अॅम हार्डवर्किंग’ असे लिहिणारे शेकड्याने असतात. त्याऐवजी एका कापड दुकानाचे हिशेब दोन वर्षे टॅलीवर ठेवले आणि जीएसटीची विवरणपत्रे मुदतीत भरली, हे ज्याने लिहिले त्याचा अर्ज बाजूला काढून ठेवला जाण्याची शक्यता अधिक. रेझ्युमे, म्हणजे शिक्षण व अनुभव यांचा थोडक्यात गोषवारा, सोबत जोडलेला असतोच. त्यातील प्रत्येक ओळ पत्रात पुन्हा उतरवण्याऐवजी जाहिरातीतील मागणीशी जुळणारे तेवढेच निवडावे.

मायन्याचे आणि समाप्तीचे नाते ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ठरलेले आहे. ‘डिअर सर ऑर मॅडम’ असा मायना असेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, आणि अधिकाऱ्याचे आडनाव घालून संबोधले असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’ येते. यात ‘युअर्स’ या शब्दातील एसच्या आधी लोपचिन्ह घालण्याची चूक तर पदवीधरांच्या अर्जांतही सर्रास आढळते. कागदी अर्जात समाप्तीखाली स्वाक्षरी व तिच्याखाली टंकलिखित नाव असते. ई-मेलने पाठवलेल्या अर्जात स्वाक्षरीऐवजी नाव आणि त्याखाली दूरध्वनी क्रमांक दिला तरी चालते.