कानापुढची दोन बोटं

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, गोव्यातून, बेळगाव-विजापूरकडून आलेले फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य आणि कान-नाक-घसातज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून दुखणं घेऊन माणसं या गावाची वाट धरत आली आहेत. याच गावात सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या नांदल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर राहिला. कानाची कदर असलेल्या या गावात आज आपण कानाच्या अगदी शेजारच्या, जबड्याच्या सांध्याबद्दल आणि चक्करेशी असलेल्या त्याच्या नात्याबद्दल बोलणार आहोत.

चक्कर हा विषय आपल्याला नवा नाही. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे कण जागा सोडून नलिकेत शिरले, की कूस बदलताच खोली फिरते. डिक्स-हॉलपाइक चाचणीनं ते ओळखायचं आणि एपलीच्या पद्धतीनं कण परत जागेवर न्यायचे, हे आपण रोज करतो. परिषदेचा यंदाचा विषय ठरवताना मी आग्रह धरला तो या चौकटीत न बसणाऱ्या रुग्णांसाठी.

अशी रुग्ण तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. चाळिशीची बाई. घर फिरत नाही, पण ‘तरंगल्यासारखं होतं’, ‘पाय ठरत नाही’ म्हणते. कानात दडे बसतात, ठणका येतो, पण कानाचा पडदा स्वच्छ दिसतो. श्रवणचाचणी ठीक, एमआरआय ठीक. मानेच्या एक्स-रेमध्ये त्या वयात काहीतरी सापडतंच, म्हणून पट्टा लागतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात, आणि त्या लांबल्या की मेंदू तोल सावरायला शिकतो ती प्रक्रियाच मंदावते. शेवटी ती आपल्याकडे येते. नजर एका ठिकाणी रोखून डोकं हलवण्याचे व्यायाम मन लावून करते. थोडं बरं वाटतं आणि गाडी तिथंच अडते. एवढ्या फेऱ्यांत तिला कुणी तोंड उघडायला सांगितलेलं नसतं. सकाळी जबडा आखडलेला असतो का, भाकरी चावताना कानापुढं कट्‌ असं वाजतं का, झोपेत दात खाता असं घरचे म्हणतात का, हे कुणी विचारलेलं नसतं. मला हे फार बोचतं, कारण हे विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली कानदुखी, दडे आणि चक्कर यांचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो आणि सांध्यामागच्या भागांवर दाब येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही दाबाची उपपत्ती पुढं शरीररचनेच्या अभ्यासात टिकली नाही. तिच्यासोबत रुग्णांची तक्रारही अडगळीत पडली, हे त्या रुग्णांचं दुर्दैव.

आज आपल्याकडं अधिक पटणारी कारणं आहेत. सांधा आणि कर्णनलिका यांच्यामध्ये हाडाची पातळ भिंत आहे. चावण्याचे स्नायू, कानाचा पडदा ताणणारा टेन्सर टिंपनी आणि युस्टेशियन नळी उघडणारा टाळूचा स्नायू, या सगळ्यांना ट्रायजेमिनल नसेचीच मॅन्डिब्युलर शाखा चालवते. दडे कुठून येत असावेत, याचा अंदाज इथं येतो. चक्करेसाठी मात्र मला मानेचा मार्ग जास्त महत्त्वाचा वाटतो. ट्रायजेमिनलचं संवेदनाकेंद्र मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरतं आणि तिथं मानेच्या नसांचे संदेश त्याला येऊन मिळतात. दिवसभर दात आवळून बसणाऱ्या माणसाची मान सहसा मोकळी नसते. डोकं कुठं आहे, हे मेंदूला कान आणि डोळ्यांइतकंच मानेचे स्नायूही सांगत असतात. त्यांचा मेळ बसेना, की पायाखालची जमीन मऊ वाटू लागते.

तरीही हात राखूनच बोलायला हवं. जबडा दुखणाऱ्यांमध्ये चक्करेची तक्रार अधिक दिसते, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण दोन गोष्टी सोबत असल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. चिंता, अपुरी झोप आणि अर्धशिशी या दोन्ही तक्रारी वाढवतात. जबडा चक्करेत भर घालतो, इतकंच म्हणणं आज प्रामाणिक आहे. म्हणूनच चक्कर थांबेल या आशेवर निरोगी दात झिजवून चाव बदलायला माझा स्पष्ट विरोध आहे. दात सुटे, ओठ मिटलेले, जीभ टाळूला, ही सवय. शेक, काही दिवस मऊ जेवण, जबडा आणि मानेच्या स्नायूंवर हलक्या हाताचे उपचार, गरज पडल्यास दंतवैद्यानं बनवलेली रात्रीची पट्टी. इथून सुरुवात करावी.

काही रुग्णांना मात्र आधी दुसरीकडं पाठवायचं. अचानक चक्करेसोबत जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, उभं राहता येईना, तर तो पक्षाघात समजून धावपळ करा. पन्नाशीपुढच्या रुग्णाचा जबडा चावता चावता दमून दुखत असेल, कानशिलं ठणकत असतील, तर जायंट सेल आर्टरायटिस मनात आणा. उशीर झाला तर दृष्टी जाते. आणि तोंड कमी उघडतं म्हणजे सांधाच धरला, असं आपल्या भागात तरी मानू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी सुपारी-गुटख्यानं गाल आतून पांढरट आणि ताठ झालेले तरुण आपल्याकडं येतातच. तो सबम्युकस फायब्रोसिस, कर्करोगाकडं झुकू शकणारा आजार.

दुपारी प्रात्यक्षिक आहे. दोन्ही कानांपुढं दोन-दोन बोटं ठेवायची, तोंड सावकाश उघडायला सांगायचं, जबडा एका बाजूला ओढला जातो का ते पाहायचं. रुग्णाची स्वतःची तीन बोटं दातांमध्ये उभी मावतात का, तेही बघायचं. यासाठी प्रत्येक टेबलावर एक फिजिओथेरपिस्ट, एक दंतवैद्य आणि एक कानाचे डॉक्टर अशी बैठक केली आहे. टेबलाचा क्रमांक आपल्या बिल्ल्यावर आहे. ओळखीच्या मंडळींजवळ बसण्यासाठी तो बदलू नका, ही स्वागत समितीच्या वतीनं माझी कळकळीची विनंती.